मद्यप्राशन करून वाहन चालवणे (ठाणे व नवी मुंबई)

पोलिसांच्या आणि चालकांच्याही तोंडी 'ड्रंक अँड ड्राइव्ह'. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार श्वासचाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो; 'एकच बिअर घेतली होती' हा खुलासा यंत्राला कळत नाही. गाडी चालवण्याचा नुसता प्रयत्नही या कलमात बसतो.

थर्टी फर्स्ट, धुळवड आणि गटारीला येऊर, घोडबंदर रस्ता, पाम बीच रोड या बाजूंना नाकाबंदी ठरलेली. फुंकायला नकार देऊन सुटता येत नाही. प्यायल्याचा रास्त संशय असेल, तर विनावॉरंट अटक होऊ शकते आणि तो नकार न्यायालयात चालकाच्याच अंगाशी येतो. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर मात्र कोठडीतून सोडावे लागते. गुन्हा जामीनपात्र आहे. प्यायलेल्याला गाडी चालवायला साथ देणाऱ्यावर कलम १८८ लागते. ठाणे वाहतूक पोलिसांनी ते सहप्रवाशांवरही लावले आहे.

खरी गफलत दंडाबाबत होते. हेल्मेट नसल्याचे ई-चलन मोबाइलवर भरून मोकळे होता येते. हा गुन्हा तडजोडयोग्य नाही, म्हणून नाक्यावर पावती फाडून तो मिटत नाही. प्रकरण ठाणे किंवा बेलापूरच्या न्यायालयात जाते. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. गुन्हा कबूल करून दंड भरला की सुटलो, असे वाटते. पण ती दोषसिद्धी असते. नोकरीच्या अर्जातल्या 'कधी शिक्षा झाली आहे का?' या रकान्यात मग 'नाही' लिहिता येत नाही.

परवाना जप्त होऊन आरटीओकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या निर्देशानुसार तो किमान ३ महिने निलंबित करायचा असतो. रिक्षा किंवा टेम्पोवर घर चालवणाऱ्याला हे दंडापेक्षा जड जाते.

अपघात झाल्यास विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळू शकते. जीव गेला, तर प्रकरण कलम १८५ पुरते राहत नाही. २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले ७ मजूर मोटारीखाली मेले. त्या चालकाची सदोष मनुष्यवधासाठीची ३ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.