मार्चमधली बीअर डिसेंबरात: मार्त्सेनच्या हंगामाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर संपला की अमेरिकेतल्या दुकानांत 'ऑक्टोबरफेस्ट' छापलेल्या, मार्त्सेन या तांबूस जर्मन बीअरच्या उरलेल्या बाटल्या सवलतीत निघतात. त्यांची जागा हिवाळी बीअर घेतात आणि थंडीत मार्त्सेन मागणाऱ्याला हंगाम उलटल्याचं ऐकवलं जातं. पण हा हंगाम बीअरला चिकटला तो ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकच्या जत्रेमुळे, आणि तोही बऱ्याच उशिरा.

1553 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात हुकूम निघाला की 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढ्याच काळात बीअर गाळायची. उन्हाळ्यात ती आंबट व्हायची आणि भट्ट्यांमुळे आगीचा धोकाही असायचा. मग मार्चमध्ये थोडी कडक बीअर करून ती थंड तळघरात ठेवायची रीत पडली. पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे बेगमी करतात, तशी ही उन्हाळ्याची सोय. तळघरं गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली. त्या सावलीत पिणाऱ्यांची गर्दी वाढली आणि 1812 मध्ये तिथे बीअर विकायची रीतसर मुभा मिळाली. शरद ऋतूत नवी बीअर सुरू होण्याआधी जुनी पिंपं रिकामी करायची असत, त्यामुळे मार्त्सेन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरे. म्हणजे मार्चमध्ये केलेली बीअर सहा-सात महिन्यांनी पिणं ही तेव्हाची रोजची गोष्ट होती.

आज आपण ओळखतो ती तांबूस मार्त्सेन मात्र एकोणिसाव्या शतकातली. म्युनिक आणि व्हिएन्नाचे दोन तरुण ब्रुअर 1830 च्या दशकात ब्रिटनमध्ये हिंडून आले. धुराचा वास न लागता माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजण्याचं तंत्र त्यांनी तिथून उचललं. 1841 मध्ये व्हिएन्नात त्या पद्धतीची लागर (थंडाव्यात सावकाश मुरवलेली बीअर) आली आणि म्युनिकच्या जत्रेत मार्त्सेन. जत्रेतलं तिचं स्थान पक्कं झालं ते 1872 मध्ये. त्या वर्षी नेहमीची बीअर अपुरी पडली आणि एका तंबूवाल्याने व्हिएन्ना पद्धतीची कडक मार्त्सेन चढ्या दराने विकली, असं सांगतात. उन्हाळी बंदी 1850 मध्येच उठली होती. 1870 च्या दशकात कृत्रिम शीतकरण आलं आणि मार्चची अट तांत्रिकदृष्ट्या संपलीच.

खरा वाद पुढचा आहे. 1970 च्या दशकात म्युनिकच्या एका मोठ्या ब्रुअरीने जत्रेसाठी फिकट सोनेरी, हलक्या अंगाची बीअर काढली आणि 1990 च्या सुमारास सगळे तंबू त्याच वाटेने गेले. या बदलाची बाजू घेणारे म्हणतात की एक लिटरचा मग पुन्हा पुन्हा भरायचा तर माल्टचा जडपणा नको. हिशोब समजण्यासारखा आहे, पण नवी बीअर सौम्य होती असं नाही, मद्यार्काचं प्रमाण सुमारे 6 टक्के राहिलंच. गेला तो भाजलेल्या पावाच्या कडेसारखा स्वाद, आणि पिणाऱ्याच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा होता असं मला ठामपणे वाटतं. शिवाय नावांचा गोंधळ झाला. युरोपात 'ऑक्टोबरफेस्टबिअर' हे नाव म्युनिक शहराच्या हद्दीत तयार होणाऱ्या बीअरसाठी राखीव आहे आणि जत्रेत शहरातल्या सहा ब्रुअरींचीच बीअर मिळते. ती फिकट. अमेरिकेत मात्र त्याच जत्रेचं नाव लावून तांबूस मार्त्सेन विकली जाते. परिणामी जत्रेच्या तंबूंतून हद्दपार झालेली बीअर दुकानांत जत्रेच्याच तारखांना बांधली गेली. आता तर ती ऑगस्टमध्येच फळीवर येते, तेव्हा 'हंगाम' दोन्ही टोकांनी दुकानदारच ठरवतो.

डिसेंबरातल्या बाटलीचं काय? मार्त्सेनचा भर हॉप्सच्या, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, सुगंधावर नसतो, त्यामुळे हॉप्स विरल्याने तिचं फारसं बिघडत नाही. 6 टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क आणि लागरची स्वच्छ बांधणीही मदतीला येते. फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर राहिलेली बाटली काही महिने सहज चांगली लागते. थोडा मधासारखा गोडवा चढतो, तो मला आवडतो. उबदार गोदामात पडून राहिलेल्या बाटलीला मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, मग ती सप्टेंबरमध्ये घेतलेली असली तरी. म्हणून सवलतीची बाटली उचलताना भरल्याची तारीख बघावी आणि ती ऊन पडणाऱ्या काचेमागे मांडलेली तर नव्हती ना, हेही.