चार शायांचा हिशेब : सीएमवायकेची पार्श्वभूमी

सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (किरमिजी), पिवळा आणि काळा एवढ्या चार शायांत, म्हणजे थोडक्यात सीएमवायकेत, सगळं छापायचं, हे कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. शाई हवी तेवढी शुद्ध मिळत नव्हती, ठिपके एकमेकांशी भांडत होते, कागद शाई पिऊन टाकत होता. प्रत्येक अडचणीवर त्या त्या काळी डागडुजी झाली आणि त्या डागडुजीचे आकडे आज डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये आयते बसलेले असतात.

सुरुवात याकोब ख्रिस्टोफ ल ब्लाँ या चित्रकारापासून करावी लागते. जन्म १६६७, फ्रँकफुर्टचा. काम आधी ॲमस्टरडॅमला, मग लंडनला. पद्धत मेझोटिंटची. तांब्याचा पत्रा दातेरी अवजाराने सगळीकडून खरखरीत करायचा आणि चित्रात जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचा. खरखरीत भाग शाई धरतो, गुळगुळीत भाग सोडतो. निळ्या, पिवळ्या आणि लाल शाईसाठी असे तीन पत्रे करून तो ते एकाच कागदावर एकावर एक छापत असे. १७१९ मध्ये त्याला इंग्लंडच्या राजाकडून, पहिल्या जॉर्जकडून, पेटंट मिळालं. पुढे ‘कोलोरितो’ या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की रंगद्रव्यं एकत्र केली तर काळं होतं आणि प्रकाशाचे रंग एकत्र केले तर पांढरं. आरजीबी, म्हणजे स्क्रीनवरचे लाल-हिरवा-निळा हे प्रकाशाचे रंग, आणि सीएमवायके यांतला फरक यापेक्षा थोडक्यात आजही सांगता येत नाही.

धंदा मात्र बुडाला. चित्रातल्या कुठल्या जागी किती निळा आणि किती पिवळा, हे सगळं नजरेने ठरवून हाताने घासायचं होतं. शिवाय तीन शायांतून खोल सावली येईना, म्हणून चौथा, काळा पत्रा जोडावा लागला. काळ्याची गरज अशी पहिल्याच फेरीत दिसली होती.

एकोणिसाव्या शतकात शिळाछपाईने वेगळी वाट धरली. एंगेलमानने १८३७ मध्ये क्रोमोलिथोग्राफीचं पेटंट घेतलं. तीन-चार रंगांतून सगळे रंग काढण्याऐवजी लागेल त्या प्रत्येक रंगाला वेगळा दगड, असा हा सरळ मामला होता. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत गिरगावला सुरू केलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला छापखाना याच पद्धतीचा. घराघरांत पोचलेल्या तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या प्रतींवर भिंग धरलं, तर हाताने टिपलेले अनियमित ठिपके आणि एकमेकांवर चढवलेले बरेच रंग दिसतात. आजच्या स्पॉट कलरशी, म्हणजे आधीच मिसळून तयार केलेल्या वेगळ्या शाईशी, त्याचं नातं अधिक जवळचं आहे.

चार शायांकडे परत आणलं ते फोटोग्राफीने. १८६१ मध्ये मॅक्सवेलने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेल्या तीन फोटोंचा प्रकाश पडद्यावर एकत्र पाडून रंगीत चित्र दाखवलं. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये द्यु ओराँ आणि क्रो या दोघांनी, एकमेकांना न विचारता, हीच कल्पना शाईसाठी उलटी मांडली. लाल गाळणीच्या निगेटिव्हवरून निळ्याची प्लेट, हिरवीवरून लालची, निळीवरून पिवळ्याची. पण तेव्हाच्या फोटोप्लेटला मुख्यतः निळाच प्रकाश ‘दिसायचा’; लाल गाळणीतून धड निगेटिव्ह येणार कुठून? १८७३ मध्ये फोगेलने काचेवरच्या थरात रंग मिसळून त्याला हिरव्याची जाण आणली आणि तिथून हा मार्ग मोकळा होत गेला.

दुसरा अडथळा असा की छापखान्याला फिकी शाई माहीत नसते. शाई लागते किंवा लागत नाही. म्हणून फिकेपणा लहान ठिपक्यांनी भासवायचा, म्हणजे हाफटोन. मायझेनबाखचं पेटंट १८८२ चं. नंतर फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर रेघा कोरून चित्राचे ठिपके पाडणाऱ्या नेमक्या जाळ्या बनवल्या. जाळी एका रंगात चालली, पण तीन रंगांत हाल सुरू झाले: दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की मॉयरेची, म्हणजे कापडावरच्या लहरींसारखी, नक्षी उठते.

इथलं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे. १५० लायनी स्क्रीनमध्ये, म्हणजे इंचाला १५० रेघांच्या जाळीत, दोन रेघांतलं अंतर ०.१७ मिलिमीटर असतं. दोन जाळ्यांत ५ अंशांचाच फरक असेल तर मॉयरेची लहर सुमारे २ मिलिमीटरची होते आणि थेट डोळ्यांत भरते. १५ अंशांवर ती ०.६५ वर येते, ३० अंशांवर ०.३३ वर, आणि मग ती हातभर अंतरावरून दिसेनाशी होते. पण चौकोनी जाळी ९० अंशांत फिरवली की पुन्हा पहिल्यासारखीच होते, म्हणजे जागा ९० अंशांचीच. त्यात ३० च्या अंतराने तीनच रंग बसतात. काळा ४५ वर, कारण तिरपी रेघ डोळ्याला सर्वांत कमी जाणवते; सायन १५, मॅजेंटा ७५. उरलेल्या पिवळ्याला शून्य अंश. दोन्ही शेजाऱ्यांपासून तो १५ अंशांवरच पडतो, तिथे मॉयरे होतोच. पिवळा इतका फिका की तो खपून जातो. चेहऱ्यांचं काम जास्त असेल तर मॅजेंटाला ४५ देऊन काळा ७५ वर नेण्याचीही रीत आहे.

जाळीच्या या शास्त्रात भारतातून भर घातली ती कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी. १८९७ पासून त्यांचे लेख छपाईला वाहिलेल्या लंडनच्या पेनरोझ वार्षिकात येत होते. आपल्याकडे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते: रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचं, म्हणजे फोटोवरून शिळाछपाईचं, काम, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीवारी.

सर्वांत चिवट दुखणं शाईचं निघालं. सायनने फक्त लाल प्रकाश शोषावा अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तो थोडा हिरवा आणि निळाही गिळतो. मॅजेंटा निळ्याचा बराच वाटा खातो. पिवळा त्यातल्या त्यात प्रामाणिक. म्हणून तिन्ही सारखे लावले की करडा येत नाही, तपकिरी येतो. करड्यासाठी सायन ५० टक्के, मॅजेंटा ४०, पिवळा ४० अशी चढी-उतरती मात्रा लागते. गर्द निळा जांभळा छापून येतो तोही याच खोटीमुळे: सायन १०० आणि मॅजेंटा १०० म्हणजे जांभळाच. मॅजेंटा ७० पर्यंत उतरवला तर निळा सुधारतो, तरी स्क्रीनवरची चमक कागदावर येत नाही.

ही खोट भरून काढायला अनेक वर्षं रीटचर, म्हणजे प्लेटची दुरुस्ती करणारे कारागीर, ब्रश आणि आम्ल घेऊन बसायचे आणि प्लेटवरचे ठिपके लहान करायचे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कोडॅकच्या मरे आणि मोर्स यांनी तेच काम विजेच्या मंडलाकडून करून घेणारा स्कॅनर आखला. १९३७ मध्ये नॉयगेबाउअरने शायांच्या ठिपक्यांतून होणाऱ्या मिलाफांवर रंगाचं गणित बसवलं. आजच्या प्रोफाइलच्या, म्हणजे कुठल्या कागदावर कुठली शाई किती लावायची हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या तक्त्याच्या, मुळाशी हीच दोन कामं आहेत.

काळ्या शाईने आणखी एक ओझं उचललं. तिन्ही रंग पूर्ण चढवले तर शाई ३०० टक्के होते, वाळत नाही, आणि गठ्ठ्यात वरच्या तावाच्या पाठीवर उमटते. तेव्हा तिन्ही रंगांतला करडा भाग काढून तिथे काळा घालायची पद्धत आली. महाग शाई वाचली, रंगही स्थिर झाले. तरी एकूण शाईला हद्द लागतेच: आर्ट पेपरवर (गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर) साधारण ३०० ते ३३० टक्के, न्यूजप्रिंटवर २४० च्या आसपास. ठिपकाही कागदागणिक पसरतो. ५० टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर ६४-६५ टक्के दिसतो, न्यूजप्रिंटवर ७६. त्यामुळे तेच चार आकडे दोन कागदांवर दोन रंग देतात.

म्हणून १९९३ मध्ये आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, ही रंगांच्या प्रोफाइलचा नमुना ठरवणारी संस्था स्थापन झाली आणि १९९६ मध्ये आयएसओ १२६४७-२ हे ऑफसेटचं मानक आलं. कागद ठरल्याशिवाय सीएमवायकेत रूपांतर करू नये, हा त्यातला व्यवहार. आर्ट पेपरच्या प्रोफाइलने बदललेली जाहिरात वर्तमानपत्राला पाठवली की सावल्या भरून जातात, आणि त्याचा दोष बहुतेक वेळा मशीनमनच्या माथी मारला जातो.

रूपांतराचा सर्वांत मोठा फटका मजकुराला बसतो. आरजीबीतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या जुन्या अमेरिकन स्वॉप प्रोफाइलने बदलला की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा होतो, बेरीज ३००. आठ पॉइंटच्या देवनागरीत चार प्लेटपैकी एक ०.१ मिलिमीटर सरकली तरी शिरोरेषेला गुलाबी किंवा निळी कड येते आणि अनुस्वार भरून जातात. प्रेसला फाइल देण्याआधी सेपरेशन प्रीव्ह्यूत, म्हणजे प्रत्येक शाईची प्लेट वेगळी दाखवणाऱ्या खिडकीत, काळी प्लेट बंद करावी. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक. पुसट जरी दिसला, तरी तो नुसत्या काळ्यात, म्हणजे के १०० मध्ये, बदलून ओव्हरप्रिंट लावावा, म्हणजे काळा खालचे रंग न कापता त्यांच्यावरच छापला जातो.