ध्वनिमुद्रण, युनिक्स आज्ञापंक्तीवरील

युनिक्स व तत्सम संगणकांवर टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून मायक्रोफोन वा लाइन-इन (बाहेरच्या ध्वनियंत्राची जोडणी) यांतला आवाज फाइलीत साठविण्याची रीत. उपकरणही फाइलीसारखे वाचता येते, ही युनिक्सची जुनी सोय तिच्या मुळाशी आहे. लिनक्सवर त्यासाठी मुख्यतः अल्सा ध्वनिप्रणालीसोबतची ‘एरेकॉर्ड’ ही आज्ञा वापरतात. ती स्वतंत्र प्रोग्राम नाही. ‘एप्ले’ या वाजविण्याच्या प्रोग्रामचेच ते दुसरे नाव असून, कोणत्या नावाने हाक मारली ते पाहून तो मुद्रण करायचे की वादन हे ठरवितो.

सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन १ (१९८९) या यंत्रावर ‘/डेव्ह/ऑडिओ’ ही उपकरण-फाइल ‘कॅट’ या फाइल वाचण्याच्या आज्ञेने वाचली की मुद्रण होई. लिनक्सवर १९९२ च्या सुमारास हानू सावोलाइनेन यांच्या ध्वनिचालकामुळे ‘/डेव्ह/डीएसपी’ रूढ झाली. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ च्या सुमारास आरंभिलेली अल्सा २००२ मध्ये लिनक्सच्या विकासाधीन गाभ्यात (कर्नलमध्ये) आली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून स्थिरावली.

एरेकॉर्डला काहीच न सांगितल्यास ती ८ बिट, ८,००० हर्ट्‌झ, एकमार्गी (मोनो) असे मुद्रण करते. आवाज टेलिफोनवरच्यासारखा कोंदट येतो आणि नवखा माणूस मायक्रोफोनला दोष देतो. या मूल्यांचे मूळ दोन तऱ्हांनी सांगता येईल. ८,००० हर्ट्‌झ हा दूरध्वनीचा नमुनादर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला घेतलेले नमुने. स्पार्कस्टेशनमधील ध्वनिचिपही आयएसडीएन या अंकीय दूरध्वनीसाठी घडविलेली होती, म्हणून हा वारसा सनकडून आला असे म्हणता येते. परंतु सनची सांकेतिक पद्धत म्यू-लॉ (नमुने असमान पायऱ्यांनी मोजणारी दूरध्वनीची पद्धत) होती, तर एरेकॉर्डची चिन्हरहित रैखिक (समान पायऱ्यांची, ऋण आकडे नसलेली) ८ बिट आहे आणि ‘/डेव्ह/डीएसपी’ची मूळ मूल्ये नेमकी हीच होती. तेव्हा दर दूरध्वनीचा असला, तरी जवळचा पूर्वज ‘/डेव्ह/डीएसपी’ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

म्हणून स्वरूप स्पष्ट सांगावे. ‘-एफ सीडी’ म्हणजे १६ बिट, ४४,१०० हर्ट्‌झ, द्विमार्गी (स्टिरिओ). ‘-एफ डॅट’मध्ये दर ४८,००० होतो. दर ‘-आर’ने वेगळाही देता येतो, ३०० पेक्षा लहान आकडा किलोहर्ट्‌झ समजला जातो. स्मॉल ‘-डी’ म्हणजे सेकंद, कॅपिटल ‘-डी’ म्हणजे उपकरण; येथे गफलत हमखास होते. स्मॉल ‘-एल’ने कार्डांची यादी मिळते. ‘एचडब्ल्यू:१,०’ (कार्ड १, उपकरण ०) असे थेट उपकरण दिल्यास त्याला झेपेल तेच स्वरूप चालते. एकमार्गी यूएसबी मायक्रोफोनकडे द्विमार्गी मुद्रण मागितले तर आज्ञा नकार देते. ‘प्लगएचडब्ल्यू:१,०’ लिहिले की रूपांतर आपोआप होते. यूएसबी कार्डाचा क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतो, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये क्रमांकाऐवजी कार्डाचे नाव द्यावे.

फाइल बनली पण निःशब्द निघाली, तर ‘अल्सामिक्सर’ या आवाजाच्या पातळ्या ठरविणाऱ्या प्रोग्राममध्ये एफ-४ दाबून मुद्रणाचा मार्ग स्पेसबारने चालू करावा. ‘उपकरण व्यस्त’ अशा अर्थाचा संदेश आल्यास पल्सऑडिओ वा पाइपवायर या पार्श्वभूमीत चालणाऱ्या ध्वनिसेवेने कार्ड धरून ठेवलेले असते. ‘डीफॉल्ट’ उपकरणातून जावे किंवा पाइपवायरची ‘पीडब्ल्यू-रेकॉर्ड’ ही आज्ञा वापरावी. ‘ओव्हररन’ म्हणजे डिस्कवर लिहिणे मागे पडून मधले नमुने गळाले. ते परत मिळत नाहीत. संथ एसडी कार्डांवर हे वारंवार घडते. बफर, म्हणजे नमुने तात्पुरते साठविण्याची जागा, वेगळे न सांगितल्यास जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाचा असतो. तो मायक्रोसेकंदांत वाढविता येतो, अर्थात हार्डवेअरच्या मर्यादेत.

सीडी स्वरूपात सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट जागा लागते. वेव्ह फाइलीतील लांबीचा रकाना ३२ बिटांचा असल्याने फार तर पावणेसात तास एका फाइलीत मावतात. कंट्रोल-सीने थांबविल्यास शीर्षातील लांबी दुरुस्त होते. वीज गेल्यास ती चुकीची राहते, मात्र सॉक्स या ध्वनिफाइल-प्रोग्रामच्या ‘--इग्नोर-लेंग्थ’ पर्यायाने अशी फाइल वाचता येते. लांब मुद्रण पाइपने (एका आज्ञेचे उत्पादन दुसरीला देऊन) सरळ ‘फ्लॅक’ या गुणवत्ता न घटविता आवाज आकसणाऱ्या प्रोग्रामकडे सोडल्यास जागाही वाचते.

नेटबीएसडी व सोलॅरिसवर ‘ऑडिओरेकॉर्ड’, तर ओपनबीएसडीवर ‘ऑकॅट’ या आज्ञा आहेत.