सोन्याच्या ढिगाऱ्यातला काळा दगड: सेंट्रल सिटीच्या युरेनियमची पार्श्वभूमी

भाचा डेन्व्हरला असतो, मागच्या रविवारी मित्रांबरोबर सेंट्रल सिटीच्या कॅसिनोत गेला आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, मागे जुन्या खाणीचे पिवळट ढिगारे आणि खाली एक ओळ, "इथे म्हणे युरेनियम निघायचं". झालं. इकडे इंदूरला पोह्यांवर जिरावन टाकायच्या आधीच ताईचा फोन, "त्याला सांग रे, तिथलं पाणी पिऊ नकोस म्हणावं." म्हणून जरा मागचं सगळं लिहितोय.

हे गाव अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात, साधारण २६०० मीटरवर, म्हणजे आपल्या पचमढीच्या धूपगडाच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. युरेनियमसाठी तिथे कुणी गेलं नव्हतं. १८५९ च्या मे महिन्यात जॉन ग्रेगरीला तिथल्या घळीत सोन्याची शीर सापडली आणि लोक लोटले. वरचा दगड हवापाण्याने कुजलेला, त्यातलं सोनं पाऱ्याने सहज धरता यायचं, पण थोडं खाली गेलं की सोनं पायराइटमध्ये, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजात, असं अडकलेलं की पारा वापरून हाती फारसं काही लागेना, आणि गाव बसायच्या बेताला आलं. शेवटी नथॅनिएल हिल नावाचा केमिस्ट्रीचा प्रोफेसर वेल्समधल्या स्वॉन्झीला जाऊन धातू गाळायची पद्धत बघून आला आणि १८६८ मध्ये शेजारच्या ब्लॅक हॉकला त्याची भट्टी पेटली.

या भट्टीच्या धंद्यामुळेच रिचर्ड पिअर्स तिकडे आला. मूळचा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, तिथल्या खाणींत पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचं काळं खनिज, अधूनमधून निघायचं, त्यामुळे त्याची नजर तयार होती. १८७१ मध्ये क्वार्ट्झ हिल टेकडीवरच्या वूड खाणीबाहेर टाकलेल्या ढिगात त्याला ते दिसलं: डांबरासारखं काळं चकचकीत, हातात घेतलं तर शिशासारखं जड. सोनं खणणाऱ्यांच्या लेखी तो कचरा. तेव्हा युरेनियमचं काम तरी काय, काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायचा आणि चिनी मातीच्या भांड्यांवर चढवायचा.

१८९८ मध्ये क्यूरी दांपत्याला पिचब्लेंडमध्येच रेडियम हा किरणोत्सारी धातू सापडला आणि त्या कचऱ्याला एकदम भाव आला. पण इथला साठा मुळातच छोटा. शिरेत कुठेतरी गाठ लागायची, दोन दिवस आनंद, मग पुन्हा नुसता पायराइट. अमेरिकेतलं बरंचसं रेडियम कोलोरॅडोच्याच पश्चिम भागातल्या पिवळ्या कार्नोटाइटमधून, म्हणजे युरेनियमच्याच दुसऱ्या खनिजातून, यायचं, आणि १९२० नंतर बेल्जियन काँगोचा भारी माल आल्यावर तोही धंदा बसला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं झालं आणि पुन्हा तेच. सरकारने १९४८ मध्ये नवा भारी साठा दाखवणाऱ्याला १०,००० डॉलरचा बोनस लावला, लोक गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, घेऊन जुन्या बोगद्यांत शिरायला लागले, सरकारी भूशास्त्रज्ञांनीही या डोंगरातल्या खाणी तपासून नकाशे केले. मोठं घबाड काही निघालं नाही.

मला स्वतःला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्या हिशोबाने याच काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, पिचब्लेंडचं वय साधारण ६ कोटी वर्षं निघालं, आणि १९४७ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सने पृथ्वीचा कालपट मांडला तेव्हा त्याच्याकडे भरवशाचे आकडे अगदी बोटांवर मोजण्याइतके होते, त्यातला एक हा. आपल्या माळव्याचा काळा दगड, ज्यावर अख्खं इंदूर उभं आहे, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबात दोघं एकाच पिढीतले.

बाकी ताईची पाण्याची भीती अगदीच चुकीची नाही, फक्त त्यात युरेनियमचं नाव उगाच येतंय. पायराइटला हवा-पाणी लागलं की ॲसिड तयार होतं आणि ते जस्त, कॅडमियम, तांबं असं सगळं ओढ्यात घेऊन येतं. म्हणून १९८३ मध्येच हा भाग अमेरिकन सरकारच्या सुपरफंड सफाईच्या यादीत गेला. कॅसिनो आले १९९१ ला, खाणी बसल्यावर गाव चालवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

भाच्याला विचारलं, क्वार्ट्झ हिल बघितलीस का? म्हणाला, "नाही मामा, चाळीस डॉलर हरलो आणि परत आलो."