चालत्या वाहनातील उपग्रह इंटरनेट

धावते वाहन, आगगाडी, जहाज किंवा विमान यांवरील अँटेनाने थेट उपग्रहाशी दुतर्फा संपर्क राखून मिळवलेली इंटरनेट जोडणी. येथे मुख्यतः रस्त्यावरील वाहनांचा विचार केला आहे.

आरंभाविषयी एकमत नाही. क्वालकॉमच्या ऑम्नीट्रॅक्स यंत्रणेने १९८८ पासून अमेरिकी ट्रकांना केयू पट्ट्यातील (सुमारे १२ ते १८ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरी) भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांमार्फत जोडले; काही तंत्रज्ञ तोच आरंभ मानतात. मात्र तीवरून छोटे संदेश व वाहनाचे स्थान एवढेच जाई, त्यामुळे तिला पूर्वसूरी म्हणणे अधिक रास्त. बोइंगची ‘कनेक्शन’ सेवा २००४ मध्ये लुफ्तान्साच्या विमानांत सुरू झाली व २००६ अखेरीस बंद पडली; ते खरे इंटरनेट होते, पण आकाशातले. रस्त्यापुरते पाहता अमेरिकी संघीय दूरसंचार आयोगाची वाहनांवरील उपग्रह अँटेनांसाठीची २००९ ची नियमावली हा भक्कम टप्पा ठरतो. अँटेनाचा नेम ०.२ अंशाच्या आत राहावा, चूक ०.५ अंशापलीकडे गेल्यास १०० मिलिसेकंदांत प्रक्षेपण थांबावे, अशी अट तीत होती; एरवी शेजारच्या उपग्रहाच्या सेवेत व्यत्यय येतो.

वेगामुळे जोडणी तुटते ही समजूत बरोबर नाही. ताशी १०० किमी. वेगाने १२ गिगाहर्ट्‌झला होणारे डॉप्लर विचलन (गतीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक) जेमतेम १.१ किलोहर्ट्‌झ असते, ५५० किमी. उंचीवरील उपग्रहाच्या स्वतःच्या गतीमुळे ते २५० किलोहर्ट्‌झपर्यंत जाते आणि ग्राहीला (संकेत घेणाऱ्या यंत्राला) ते सांभाळावेच लागते. खरी अडचण वळणे, हादरे व आडोसा यांची. मोटरीवर फिरणारी डिश घाटातील वळणांवर मागे पडते. फेज्ड अ‍ॅरे अँटेना, म्हणजे अनेक छोट्या अँटेनांची सपाट पाटी, मात्र स्वतः न हलता शलाका (लहरींचा झोत) इलेक्ट्रॉनिक रीतीने वळवते. स्टारलिंक या कमी उंचीवरील उपग्रहांच्या जाळ्यात उपग्रहाचे वाटप दर १५ सेकंदांनी नव्याने होते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी. उंच असल्याने प्रतिसादास अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो. मात्र मुंबईहून ७४° पूर्व रेखांशावरील असा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६७ अंश वर दिसतो, म्हणून कडेच्या झाडांचा अडथळा म्यूनिकसारख्या उत्तरेकडील शहराच्या मानाने कमी. बोगद्यात कमी उंचीवरील व भूस्थिर हे दोन्ही प्रकारचे उपग्रह निरुपयोगी: कोकण रेल्वेच्या साडेसहा किमी.च्या करबुडे बोगद्यात ताशी १०० किमी. वेगानेही चार मिनिटे संपर्क नसतो.

अँटेना टपावर सपाट बसवतात. सामानाचा कॅरिअर किंवा एसीचे खोके तिच्या दृष्टिक्षेत्रात येऊ नये. धातूच्या टपाखाली ठेवल्यास संकेत येत नाही. बिघाड बहुधा वीजपुरवठ्यात निघतो. स्टारलिंक मिनी या छोट्या अँटेना-यंत्राला १२ ते ४८ व्होल्ट एकदिश (डीसी) वीज लागते, सरासरी वापर २५ ते ४० वॉट. ०.७५ चौ. मिमी.ची ५ मीटर वायर ५ अँपिअर प्रवाहास जाऊन-येऊन सुमारे १.२ व्होल्ट खाते, मग १२.४ व्होल्टच्या बॅटरीतून यंत्रापाशी ११.२ च पोचतात आणि ते पुन्हापुन्हा बंद-चालू होते. २.५ चौ. मिमी. वायरीत ही घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. लायटर सॉकेटऐवजी बॅटरीपासून स्वतंत्र, फ्यूज घातलेली जोडणी काढून बॅटरीजवळच २४ व्होल्टचा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) कन्व्हर्टर बसवणे उत्तम: स्टार्टर मारताना व्होल्टेज दहापर्यंत उतरले तरी, ते पेलणारा कन्व्हर्टर असल्यास, यंत्र बंद पडत नाही. इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून अडॅप्टर लावणे चालते, पण दोनदा रूपांतर होऊन वीज वाया जाते.

भारतात हावडा राजधानीत २०१३ मध्ये उपग्रहाधारित वाय-फायचा प्रयोग झाला. विमाने व जहाजांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला; परदेशातून आणलेले यंत्र विनापरवाना गाडीवर लावणे बेकायदा आहे.