मॅटवरची लाथ आणि जांभ्यावरचा पाय

म्हापशाच्या पेडे क्रीडासंकुलात तायक्वांदोची लढत मॅटच्या अगदी कडेला बसून पाहिली, तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते : दोन्ही खेळाडूंचे हात बहुतेक वेळ खालीच असतात. याचे कारण नियमांत आहे. छातीवरच्या ठोशाला १ गुण, धडावरच्या साध्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३, आणि चेहऱ्यावर ठोसा मारायला तर बंदीच. ज्या चेहऱ्यावर मूठ कधी येणारच नाही, तो झाकायला शरीर शिकत नाही. ज्या परिस्थितीत सराव होतो त्याच परिस्थितीपुरते कौशल्य पक्के होते, हा क्रीडाविज्ञानातील मूलभूत नियम आहे. तायक्वांदो हे नाव १९५५ मध्ये पुढे आणले ते दक्षिण कोरियाच्या सैन्यातील चोई हाँग ही या जनरलने. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकांचा खेळ होईपर्यंत त्या विद्येच्या गरजा पार बदलल्या होत्या.

सैनिकाच्या गरजा निराळ्या का असतात, हे मला सत्तरी तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांच्या अंगणात कळले. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाच्या पाठीवर त्यांनी वीसेक सोललेल्या नारळांची पिशवी बांधली, हातात लाठी दिली आणि म्हणाले, "आता डोक्यापर्यंत लाथ मार बघू." आषाढातला शेवाळलेला जांभा होता. पाय कमरेपर्यंत जायच्या आतच पोरगा मागे कलंडला. एका पायावर उभे राहिल्यावर आधाराचे क्षेत्र केवळ तळव्याएवढे उरते. पाठीवरच्या ओझ्याने गुरुत्वमध्य मागे आणि वर सरकलेला असतो, त्यामुळे जरासा झोकही त्याला त्या आधाराबाहेर नेतो.

दुसरा अडथळा मेंदूचा आहे. जीव धोक्यात असताना ॲड्रेनॅलिन वाढते, नजर समोरच्या धोक्यावर खिळते आणि बोटांची नाजूक कामे बिघडू लागतात. पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ अधिक, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवले. शांघायच्या पोलीस दलात अनेक वर्षे घालवलेल्या विल्यम फेअरबेर्न यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना मोजकेच, ठोकळ घाव शिकवले, ते या दृष्टीने फार शहाणपणाचे होते. हनुवटीवर मुठीऐवजी उघड्या तळव्याचा पाया मारला, तर स्वतःच्याच हाताची हाडे मोडण्याचा धोकाही कमी होतो.

तरीही खऱ्या लढाईत ती निरुपयोगी म्हणून स्पर्धेला नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. डोळ्यांत बोटे घालण्यासारखे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने करताच येत नाहीत. ते हवेतच घोटले जातात, आणि प्रतिकार करणारे शरीर कसे निसटते हे शिकणाऱ्याला कधी कळतच नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना केली, तेव्हा धोकादायक डाव ठरावीक कवायतीपुरते राखून, सुरक्षित डावांची खरी झटापट रोजच्या सरावात आणली. त्यामुळे ज्युदोपटूला खरा विरोध अंगावर घेण्याची सवय होते. १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या दुसऱ्या रेंजर बटालियनमध्ये मॅट लार्सन यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कुस्तीचा, पाया घेऊन प्रशिक्षण नव्याने बांधले, त्यामागेही हाच विचार होता. सैनिकांना झटापटीची गोडी लागावी म्हणून तिथे स्पर्धाही ठेवल्या गेल्या.

१५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात गोळीबाराविना, दगड आणि लोखंडी कांबींनी झालेल्या झटापटीत आपले २० जवान हुतात्मा झाले. तिथली उंची चार हजार मीटरांहून अधिक, म्हणजे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्के. असल्या लढतीत रेफरी नाही, वजनगट नाही, आणि विरोधक एकटा नसतो. म्हणून माझ्या मते सैनिकाला झटापट स्पर्धेइतकीच खरी हवी. फक्त तिच्या नियमांत ओझे, शस्त्र, ओली जमीन आणि अचानक आलेला तिसरा माणूस असायला हवा.

सुभेदारकाका नेमके तेच करतात. दोन मुले, दोघांच्या पाठीवर नारळ, मध्ये एकच लाठी, आणि मागून कधीही धडकणारा तिसरा. पहिल्या दिवशी सगळेच लाथा झाडून घसरले. पंधरवड्याने पाहिले, तर लाथा बंद झाल्या होत्या. मुले गुडघे वाकवून, पाय फाकून अंगाला अंग भिडवत होती, आणि पडतानासुद्धा लाठीवरची पकड सोडत नव्हती.