काळी पाच, बारा तारा आणि एक चिमटा

भजनाच्या बैठकीत पेटीवाला एकदा ‘काळी पाच’ म्हणाला, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा सगळ्यांचा सा, की विषय संपला. पेटीतल्या पितळी रीड घासून सुरात लावलेल्या असतात, आयत्या वेळी त्या वरखाली होत नाहीत. जुळवून घ्यायचं ते बाकीच्यांनी. तबलजी हातोडी काढतो आणि हल्ली परभणी-नांदेडकडच्या बैठकीत, नाहीतर युवक महोत्सवाच्या मांडवात, गिटार घेऊन बसलेली पोरं खिशातून कॅपो काढतात, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटमागं (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) चिमटा लावून ए कॉर्डच्या जागा धरल्या की काळी पाच. तिसऱ्यामागं लावून जी धरला तरी तीच. काळी एक हवी असेल तर पहिल्यावर कॅपो आणि सी.

यामागचं गणित असं. दर फ्रेटला तारेची कंपनसंख्या 1.0595 पट होते आणि बारा फ्रेटनंतर ती बरोबर दुप्पट भरते. तार 650 मिलिमीटरची असेल, तर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, साधारण 36.5 मिलिमीटरवर येतो आणि दुसरा त्याच्यापुढं 34.4 वर. कॅपो म्हणजे हवा तिथं सरकवता येणारा नट.

पण या गणितात तारेची फक्त लांबी बदलते असं धरलेलं आहे. प्रत्यक्षात दाबलेली तार फ्रेटच्या मागं लाकडाकडं वाकते, किंचित ताणली जाते आणि ताण वाढला की सूर चढतो. सगळ्या तारा सारख्या चढत नाहीत. सगळ्यात बारीक तार मुळातच इतकी खेचलेली असते, की त्या किंचित जादा ताणानं तिला फारसा फरक पडत नाही. खर्जाच्या जाड तारेतलं पोलाद तितकं खेचलेलं नसतं, त्यामुळं तेवढ्याच ताणानं तिचा सूर जास्त हलतो. कडक कॅपो लावल्यावर खर्ज आधी बेसूर होतो, तो यामुळं. एकटं वाजवताना ते खपून जातं, शेजारी पेटी असली की नाही.

बारा तारांच्या गिटारवर हा प्रश्न दुप्पट नाही, वेगळाच होतो. तिथं तारांच्या सहा जोड्या असतात. वरच्या सुरांच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा सारख्या, उरलेल्या चारांत एक जाड आणि तिच्याशेजारी सप्तकभर वरच्या सुरात लावलेली बारीक. जी ची जोडी जवळून पाहा. जाड तार सुमारे 0.6 मिलिमीटरची, बारीक जेमतेम 0.2 ची. दोन्ही एकाच फ्रेटवर टेकतात, म्हणजे जाड तारेच्या माथ्यावर बसलेलं कॅपोचं रबर बारकीपर्यंत पोचायला अजून 0.4 मिलिमीटर खाली दबायला हवं. रबर कडक असेल तर बारीक तार मोकळी राहते आणि खरखरते. म्हणून आवळावं, तर जाड तार चढते आणि बारीक जागची हलत नाही.

मग काय होतं? कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आहे असं धरा. जाड तार 220 हर्ट्झवर, बारीक 440 वर हवी. जाड तार अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी फक्त पाच भाग चढली, तरी तिचा दुप्पट कंपनांचा उपस्वर 441.3 च्या आसपास जातो. तो शेजारच्या 440 शी भांडतो आणि आवाज सेकंदाला एकदाहून थोडा जास्त डोलू लागतो. सहा तारांवर एवढी चूक बहुतेकांच्या कानाला लागणार नाही. इथं चूक आणि बरोबर शेजारी-शेजारी एकाच वेळी वाजतात.

ती बारकी जी तार आणखी एका कारणानं बदनाम आहे : ती सारखी तुटते. 392 हर्ट्झ हा या गिटारवरचा सगळ्यात उंच मोकळा सूर, पोलादाच्या सहनशक्तीच्या बराच जवळ जाणारा. जाड तार घेऊन उपयोग नाही, कारण तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ जितकं वाढेल तितक्याच प्रमाणात त्याच सुरासाठी ताणही वाढवावा लागतो. शिवाय सहा तारांचा एकूण ताण साधारण 70 किलो, तर बारांचा 110 च्या घरात, आणि तो सगळा पुलावर (ब्रिजवर) आणि मानेवर. म्हणून जाणकार अख्खी गिटार दोन अर्ध्या स्वरांनी उतरवून लावतात आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो ठेवतात. सूर तोच, ताण जवळपास एक पंचमांशानं कमी. थोडक्यात, बारा तारांवर कॅपो ही चैन नाही.

आता खरेदी. आपल्याकडच्या दुकानांत तबल्याच्या हातोडीशेजारी टांगलेला असतो तो बहुतेक स्प्रिंगचा कॅपो. एका हातानं निघतो, दोन अभंगांच्या मधे पट्टी बदलायला झकास. पण त्याचा दाब कारखान्यात ठरलेला. वर, गिटारची मान खोक्याकडं जाड होत जाते, म्हणजे स्प्रिंग जास्त उघडते आणि जास्तच आवळते. सहा तारांना हे चालवून घेता येतं. बारांना मी तरी स्क्रूचाच घेईन, मऊ आणि जाड रबराचा. कॅपोच्या दांड्याची लांबीही बघावी : सहा तारांची मान नटपाशी साधारण 43 मिलिमीटर, बारांची 47-48. नायलॉन तारांची क्लासिकल 52 पर्यंत जाते आणि तिचा फिंगरबोर्ड सपाट असतो. त्यावर बाकदार कॅपो लावला की मधल्या तारा सुटतात.

दुकानात आपली गिटार घेऊनच जावं. कॅपो फ्रेटला खेटून, पण त्याच्या मागं लावायचा. तिथं कमी दाब पुरतो. खरखर येईपर्यंत स्क्रू सैल करा, मग ती थांबेल इतकाच आवळा. एकेक तार वेगळी छेडा, जोडीतलीसुद्धा. मोबाइलच्या ट्यूनरवर आधी बोटानं हलकं दाबून सूर बघा, मग कॅपोनं. काटा पुढं सरकला तर दाब जास्त आहे.

आणि मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकलेला असताना कॅपो गिटारला तसाच लावून गाडीत सोडू नका. रबरावर तारांच्या खाचा पडतात. एकदा खाच पडली की जाड तार तीत रुतून बसते आणि शेजारच्या बारकीवरचा दाब बदलतो. बदलायचं रबर सुटं मिळणारा कॅपो दिसला, तर पन्नास-शंभर जास्त देऊन तोच घ्यावा.